चार नंबरच्या पंपघराची ढाल

ये, बस असा सावलीला. चहाला घाई करू नकोस, मलाही घाई नाही. मेतवल्लीच्या घरातली वाळवंटाची ती चार वर्षं तू माझ्याकडून ऐकलीस, इन्शिराहच्या लग्नातला राडाही ऐकलास. आज ढालीची गोष्ट सांगतो. लढाईतली ढाल नव्हे रे, सरकार देतं ती. लाकडावर पितळेचा पत्रा ठोकलेली, निळ्या मखमलीच्या डब्यात बाळासारखी झोपवलेली. त्या एका ढालीपायी एका शुक्रवारी बहीण भावाकडं चोर असल्यासारखी बघायला लागली, आणि भरलेलं बदक ताटात थंड झालं.

आधी गुरुवारचं सांगतो. दसूक गावाच्या बाहेर मोठ्या निचऱ्याच्या कालव्यावर चार नंबरचं पंपघर आहे. शेतात मुरलेलं खारं पाणी ओढायचं आणि पुढं समुद्राकडं ढकलायचं, एवढंच त्याचं काम. बय्यूमी, म्हणजे म्हाताऱ्या मेतवल्लीचा थोरला पोरगा, तिथं सव्वीस वर्षं पंप चालवतोय. त्या गुरुवारी खात्याचे मोठे साहेब स्वतः गाडीतनं उतरले, मागं फोटोवाला. बय्यूमीला तेलकट हातानंच पुढं बोलावलं, आदर्श कर्मचारी म्हणून ढाल दिली, सर्टिफिकेट दिलं, हात हातात घेतला आणि निघून गेले. पगार तेवढाच, रजा तेवढीच. नुसता मान.

दुसऱ्या घरात शरबत वाटलं असतं. इन्शिराह मात्र ती बातमी ऐकून रात्रभर जागी राहिली.

इन्शिराह त्याची थोरली बहीण. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पोरं कैरोला. शिक्षण खात्याच्या कचेरीत तीस वर्षं तिनं लोकांच्या फायली सांभाळल्या. बायका कॉफीच्या कपातला गाळ बघून भविष्य सांगतात ना, तशी ती सरकारी कागद बघून सांगते. आणि या घराला सर्टिफिकेटचा अनुभव होता. तिचे वडील याच खात्यात होते. ती अकरा वर्षांची असताना त्यांना सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळालं होतं, सगळ्या गल्लीनं शरबत प्यायलं होतं, आणि विसाव्या दिवशी बदलीचा हुकूम आला. खारग्याला, वाळवंटात. कुणाची जागा हवी असली की आधी त्याचा सत्कार करायचा, मग त्याला उचलायचं, ही तिथली रीतच. चार वर्षं आईनं एकटीनं पोरं वाढवली. रागाई, धाकटा भाऊ, बापाला पहिल्यांदा भेटला तेव्हा चालायला लागला होता, आणि बापाला बघून रडला होता.

तर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर इन्शिराह बय्यूमीच्या घरी पोचली. चप्पल काढते न काढते तोच तिची भावजय अवातिफ तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"ताई, दार लोटा."

"काय झालं?"

"हा माणूस आज पहाटे उठून कामावर गेला. शुक्रवारी. तीन वर्षं झाली, नऊच्या आत ज्यानं पांघरूण सोडलं नाही, तो आज कोंबड्याच्या आधी उठला. दाढी केली ताई, दाढी. पंपाला भेटायला दाढी करतं का कुणी?"

इन्शिराहला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "बाई-बिई काही नाही ग. त्याच्याकडं कोण बघणार?"

"मग काय आहे ते तुम्ही सांगा. मला भीती वाटते. सरकार फुकट काही देत नाही."

असं म्हणता म्हणता अवातिफनं मोलोखियाच्या, म्हणजे पालेभाजीच्या रश्श्याच्या, पातेल्यात लसणाची फोडणी ओतली. आता बघ, फोडणी ओतताना आमच्या बायका एक मोठा श्वास आत ओढतात, दचकल्यासारखा. त्याशिवाय मोलोखियाला चव येत नाही, असं सगळ्या मानतात. अवातिफ तो श्वास घ्यायला विसरली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

बाहेर म्हातारा मेतवल्ली सोफ्याच्या कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्र्याऐंशी वर्षांचा. हल्ली तो कमी बोलायचा, त्यामुळं लोकांना वाटायचं त्याला कमी कळतं. त्याच्या शेजारी रागाई. हा मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर. गुरुवारची ती गाडी त्यानंच चालवत आणली होती. पण आज पठ्ठ्या नुसता लोणच्याचा सलगम एकामागून एक तोंडात टाकत होता.

बय्यूमी आला तो ग्रीसचा वास घेऊनच. नखं काळी, तोंड मात्र असं उजळलेलं की इन्शिराहला क्षणभर तो दहा वर्षांचा दिसला. काखेत निळा डबा.

"डबा घेऊन गेला होतास कामावर?" अवातिफनं विचारलं.

"शाबानला बघायचा होता."

"आणि काय म्हणाला शाबान?"

बय्यूमी जरा घुटमळला. शाबान त्याचा जोडीदार, दोघं मिळून पंपघर सांभाळतात. "काय म्हणणार. त्याचं तोंड वाकडं झालंय. कालपासून माझ्यासाठी चहा टाकत नाही. जाळीला जलपर्णी अडकली होती, म्हटलं चल काढू. तर म्हणतो, ढालीला सांग उतरायला."

"मग?"

"मग काय, मीच उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात. सगळी जाळी मोकळी केली. दोन नंबरच्या पंपाची बेअरिंगं बघितली, ग्रीस भरलं. आता असा चालतोय, ऐकत राहावं."

"शुक्रवारी," इन्शिराह म्हणाली.

"शुक्रवारी पाणी थांबतं का ताई?"

"गेली तीन वर्षं थांबत होतं वाटतं."

तीन वर्षांचं सगळ्यांना माहीत होतं. आताच्या मोठ्या साहेबांच्या जागी आधी लमईसाहेब होते. ते पंपघरात आले की चारचौघांसमोर पंपावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोय पंप, बाशमुहंदिस?" बाशमुहंदिस म्हणजे मोठा इंजिनियर. बय्यूमी आठवी नापास. पण ती हाक ऐकायला तो सुट्टीतही जाऊन बसायचा. लमईसाहेब निवृत्त झाले, नवे साहेब आले. ते त्याला हाक मारायचे, "ए चार नंबर." तेव्हापासून गड्याच्या अंगातलं वारंच गेलं. उशिरा जायचा, जाळी तशीच ठेवायचा. गेल्या फेब्रुवारीत दोन नंबरचा पंप जळाला आणि तेरा दिवस लोकांचा गहू पाण्यात उभा राहिला.

जेवायला बसले. अवातिफनं बदक फोडलं. म्हाताऱ्यानं मोलोखियाचा घास घेतला, चघळला.

"श्वास घेतला नाही हिनं," तो म्हणाला.

"बाबा, आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

"आज कुणाचंच नाही," म्हातारा म्हणाला आणि जेवायला लागला.

इन्शिराहनं हात धुतले, ओढणीला पुसले. "आण रे तो कागद."

"जेव तर आधी."

"आण म्हणते ना."

तिनं सर्टिफिकेट उजेडात धरलं. वाचलं नाहीच, वाचण्यासारखं त्यात काही नसतं हे तिला माहीत होतं. तिनं अशी शेकड्यानं स्वतः टाइप केली होती, दुसऱ्यांच्या नावाची. तिची नजर गेली खाली, डाव्या कोपऱ्याकडं. मग तिनं कागद उलटा केला. मग परत सुलटा.

"गरुड कुठाय?"

"कसला गरुड?" अवातिफ म्हणाली.

"गरुडाचा शिक्का. सरकारी कागदावर तो असला तरच कागद फायलीत जातो. हा नुसता सहीचा कागद आहे. साहेबांनी सही केली, पण शिक्का मारला नाही. म्हणजे खात्याच्या लेखी हे सर्टिफिकेट नाहीच."

बय्यूमीचा घास हातातच राहिला. "विसरले असतील."

"शिक्का विसरत नाही कुणी. बायको विसरतील, शिक्का नाही."

तिनं डबा उघडला, ढाल बाहेर काढली. छान होती, खोटं कशाला बोलू. पितळेवर बय्यूमी मेतवल्ली अशी अक्षरं कोरलेली. तिनं ती पालथी केली. लाकडाच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटलेली होती, अर्धी फाटलेली, पण दुकानाचं नाव वाचता येत होतं. तांता शहरातल्या स्टेशन रोडवरचं, शाळांच्या खेळांची बक्षिसं बनवणारं दुकान. खात्याची ढाल खात्याच्या कोठारातनं येते, तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं कोठाराचा नंबर घातलेला असतो. हे त्या घरात तिला माहीत होतं, आणि खात्यात उभं आयुष्य काढलेल्या बापाला. तिनं मान वर केली. रागाई ताटात बघत होता.

ती चिठ्ठीबद्दल काही बोलली नाही. ढाल बापाच्या बाजूला सोफ्यावर ठेवली.

"मला विचाराल तर ही ढाल परत करावी," ती म्हणाली.

"परत?" बय्यूमी म्हणाला.

"रविवारी सकाळी कचेरीत जायचं, साहेबांपुढं डबा ठेवायचा. म्हणायचं, साहेब, मी याच्या लायकीचा नाही, माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. नम्रपणे. म्हणजे त्यांच्या मनात जे असेल ते तिथंच थांबेल."

"ताईंचं बरोबर आहे," अवातिफ लगेच म्हणाली. "बाबांच्या वेळी काय झालं ते विसरलात? मी एकटी नाही राहणार इथं. आधीच सांगते."

"अगं पण मला मिळालीय ती. माझ्या नावाची आहे."

"बाबांच्याही नावाची होती," इन्शिराह म्हणाली.

बय्यूमीनं बापाकडं बघितलं. म्हातारा ढालीकडं बघत होता. मग बय्यूमीनं भावाकडं बघितलं. "रागाई, तू साहेबांबरोबर असतोस. तू काही ऐकलंस का?"

"मी गाडी चालवतो. मागं कान नसतात मला."

"ड्रायव्हरला तेवढेच असतात," इन्शिराह म्हणाली. "ऊठ. मला बाल्कनीत वारा हवाय. तूही ये."

बाल्कनीत शेजारणीचे कपडे वाळत होते. इन्शिराहनं दार ओढून घेतलं आणि चादरीच्या आड भावाला उभा केला.

"तांत्यातल्या त्या दुकानातनं ढाल कुणी आणली?"

"मला काय माहीत."

"मागच्या शुक्रवारी तुझ्या गाडीत त्याच दुकानाची पिशवी होती. मी मागं बसले होते, पायाला लागली. मला म्हणालास, पुतण्याचं शाळेचं बक्षीस आहे. तुझा कुठला पुतण्या शाळेत पहिला येतो रे?"

रागाईनं सिगारेट काढली, पेटवली नाही. "हळू बोल."

"तू साहेबांशी मिळून भावाला पाठवायला निघालास? तुला काय देणार आहेत, त्याची जागा? की दुसऱ्या कुणाला घुसवायचंय?"

"ताई, बदलीचा कागद आधीच तयार आहे."

इन्शिराहनं दोरीवरची चादर घट्ट धरली.

"फेब्रुवारीत पंप जळाला ना, तेव्हापासून. मी बघितलाय, मागच्या सीटवर फाईल उघडी होती. खारगा. सही झालेली. तारखेची जागा तेवढी कोरी. साहेब फोनवर म्हणाले, पंप परत एकदा बंद पडू दे, तारीख मी घालतो."

"आणि तू गप्प बसलास?"

"कुणाला सांगू? याला? तू ओळखत नाहीस का याला? भीती घातली की हा हातपाय गाळतो. आठ दिवसांत पंप स्वतःच्या हातानं बंद पाडला असता यानं. मी ओरडून बघितलं, शाबानकडनं समजावून बघितलं. काही उपयोग नाही." त्यानं सिगारेट परत खिशात ठेवली. "मग एके दिवशी मी साहेबांना म्हटलं, साहेब, याला ओरडू नका, सत्कार करा. ते आरशातनं माझ्याकडं बघत राहिले, मग हसले. म्हणाले, करून बघ. फोटो चांगला येईल आणि माझं काही जात नाही. ढाल तूच आण."

"म्हणून शिक्का नाही."

"एका फायलीत शिक्षेची बदलीही आणि सत्कारही कसा ठेवणार? ते म्हणाले, सही घे, शिक्का मागू नकोस."

इन्शिराहचा संशय बरोबर निघाला होता आणि तरी तिला बरं वाटत नव्हतं. वाळवंट होतंच, फक्त ते ढालीतनं येत नव्हतं, ढाल त्याला अडवून उभी होती.

"म्हणजे खोटा मान दिलास त्याला," ती म्हणाली.

"खोटा का? सव्वीसातली तेवीस वर्षं त्यानं काम केलं ना? तेवढ्या वर्षांत कुणी ढाल दिली नाही. मी उशिरा आणून दिली, एवढंच. आणि आज तो कमरेएवढ्या पाण्यात उतरलाय ताई. शुक्रवारी. कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि शाबान चहा टाकत नाही."

"त्याला दुसरी आणू का?" रागाई म्हणाला, आणि दोघं नको असताना हसले.

मग रागाईनं आवाज उतरवला. "आता तू त्याला ढाल परत करायला पाठवणार. फोटो खात्याच्या भिंतीवर लागलाय. साहेबांच्या तोंडावर डबा आपटल्यावर ते काय करतील? पेन उचलतील आणि तारीख घालतील. आत जा आणि तूच सांग, ढाल ठेव म्हणून. कागदातलं घरातले सगळे तुझंच ऐकतात."

आता इन्शिराहच्या मनात जे आलं तेही सांगून टाकतो. तिला आठवलं, तीस वर्षांत तिच्या नावाचं एकही सर्टिफिकेट कुणी टाइप केलं नव्हतं. आणि गुरुवारी रात्री तिला ज्यानं जागं ठेवलं होतं, ती नुसती भीती नव्हती. थोडं दुसरंही काही होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं चादर सोडली, तिच्यावर मुठीच्या सुरकुत्या राहिल्या होत्या.

आत आली तर बय्यूमी डब्याची झाकणी लावत बसला होता. डबा रिकामाच होता, पण तो झाकणी लावत होता, काढत होता. तोंडावरचा उजेड गेला होता. म्हणाला, "तुझं ऐकतो ताई. रविवारी परत करतो. नाहीतरी मला कोण ढाल देणार."

अवातिफ रडत होती, आणि नेमकं कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

इन्शिराहनं तोंड उघडलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, फायलीतल्या माणसाला नसते. तेवढ्यात म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली.

"इन्शिराह. त्या कागदावर गरुड नाही म्हणालीस?"

"नाही बाबा."

"नीट बघितलंस?"

"दोन्ही बाजूंनी."

"माझ्या कागदावर होता," म्हातारा म्हणाला. "एवढा मोठा. निळा. त्यानंच मला पाठीवर घेतलं आणि खारग्याला नेऊन टाकलं. ज्याला पाठवायचं त्याच्यामागं गरुड लागतो. याच्या कागदावर नाही, मग याला कोण उचलणार?"

सगळे इन्शिराहकडं बघायला लागले. रागाई दारात उभा होता.

"बाबांचं खरं आहे," ती म्हणाली. "पाठवायचं असतं त्याचा सत्कार फायलीत जातो, म्हणजे पुढचा हुकूम त्याच्यावर चढवता येतो. हा फायलीत गेलेला नाही. मघाशी मी उलटं वाचलं. म्हातारी झाले."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तिचा आवाज कापला नाही.

"म्हणजे ठेवू?" बय्यूमी म्हणाला.

"ठेव. आणि त्या जाळीकडं रोज बघ. एक दिवस चुकवू नकोस. ढालवाल्याचा पंप बंद पडला तर गाव हसेल."

"माझा पंप कशाला बंद पडतोय," बय्यूमी म्हणाला, आणि तो उजेड परत आला, जसा आला होता तसा. "घरात नाही लावणार. पंपघरात लावतो, दोन नंबरच्या समोर."

अवातिफनं डोळे पुसले आणि मोलोखिया परत गरम करायला गेली. आतनं तिचा मोठा श्वास ऐकू आला. फोडणी केव्हाच पडली होती, पण तिनं तो घेतला.

इन्शिराहनं सोफ्यावरची ढाल उचलली, डब्यात ठेवायला. ठेवता ठेवता तिनं ती हळूच पालथी केली. पाठ साफ होती. चिठ्ठीच्या जागी नुसता गोंदाचा चिकटा. तिनं बापाकडं बघितलं. म्हातारा अंगठ्याच्या नखात अडकलेला कागदाचा कपटा दुसऱ्या नखानं काढत होता.

"बदक द्या कुणीतरी," तो म्हणाला. "थंड असलं तरी चालेल."

झालं. बदलीचा तो कागद अजून साहेबांच्या ड्रॉवरात आहे म्हणतात, आणि तारखेची जागा अजून कोरी आहे. पण पितळेची चमक किती दिवस पुरते हे तुलाही माहीत आहे, मलाही. म्हणून एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. कालव्याच्या वाटेनं जाशील तेव्हा चार नंबरला जरा थांब. शाबानला आधी सलाम कर, त्याचा चहा मागून पी. मग पंपावर हात ठेव आणि बय्यूमीला मोठ्यानं, शाबानला ऐकू जाईल असं विचार, "काय म्हणतोय पंप, बाशमुहंदिस?" तो तुला ढाल दाखवेल. हातात दिली तर घे, कौतुक कर. फक्त तिची पाठ बघू नकोस.